कर्णावर लावलेली पट्टी

आमच्या घरात सकाळी जाग यायची ती रंध्याच्या आवाजानं. उद्यमनगरात पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या, मध्ये फक्त एक पत्र्याचं दार. आबा उजाडायच्या आत कामाला लागत. लाकूड मऊ असलं की रंधा कुजबुजल्यासारखा चालायचा; सागवान असलं आणि रेषा आडवी गेली की तो अडखळायचा, थांबायचा, आबा पातं काढून ठोकून पुन्हा बसवायचे. मला अंथरुणात पडल्यापडल्या कळायचं आज कुठलं लाकूड आहे. आई चुलीवर हुलग्याचं माडगं ढवळत असे, आणि त्या वाफेत लाकडाच्या भुशाचा वास असा काही मिसळलेला असे, की पुढे पुण्यात भुसा नसलेल्या घरात जेवताना मला कित्येक महिने अन्न अळणी वाटायचं.

आबा पॅटर्न बनवायचे. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो आकार दाबतात, तो आकार म्हणजे पॅटर्न. तो लाकडाचा असतो आणि तो चुकला तर त्याच्यावरून निघालेला प्रत्येक नग चुकतो. त्यामुळं आबांच्या बोलण्यात 'साधारण' हा शब्दच नव्हता. कागदावर जे माप असेल ते लाकडात उतरवायचं, एवढंच. आणि कागदच चुकलाय असं वाटलं तर? त्यासाठी त्यांची एक रीत होती. पॅटर्न कागदाबरहुकूम पुरा करायचा, पण जिथं शंका असेल तिथं ओल्या गेरूची एक टिकली लावायची. गिऱ्हाईक स्वतः दुकानात येऊन, त्या जागेवर बोट ठेवून, "असंच पाहिजे" म्हणेपर्यंत ती पुसायची नाही, आणि पॉलिशही करायचं नाही. "आपुन शहाणपणा करायचा न्हाय," आबा म्हणायचे, "पर गप बी बसायचं न्हाय."

हसनचाचा समोरच्या फौंड्रीत वाळूचे साचे करणारे मोल्डर होते. दुपारी डबा घेऊन आमच्याकडंच यायचे आणि मी पुस्तक घेऊन बसलेला दिसलो की आबांना चिडवायचे, "मिस्त्री, ह्याला जरा वाळूत उभा करा की. असं डोस्कं साच्यातनं काढलं तर धा नग इकू."

"त्याला टिकली लागंल आधी," आबा म्हणायचे. सगळे हसायचे, मीही हसायचो. तेव्हा.

एम.एस्सी.ला मला बेनाडीकर सर शिकवायला होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, अंगात नेहमी फिकट पिवळा शर्ट, आणि खिशात खडूचे तुकडे. कॉलेजात त्यांना फारसं कुणी विचारत नसे. पण ते अकरा वर्षं एकाच प्रश्नावर काम करत होते, आणि ते प्रश्न ज्या पद्धतीनं सांगत त्यामुळं मी त्यांच्यामागं ओढला गेलो. ते म्हणाले होते, "सुरेश, एक वाटी घे. वाटीच्या आतल्या अंगावर कुठलेही दोन ठिपके घेऊन त्यांच्यामध्ये दोरा ताण. दोरा कधी वाटीत रुततो का? नाही. तो कायम वरच राहतो. असल्या आकाराला आपण बहिर्वक्र म्हणतो." आता ही वाटी खडबडीत असेल, तिला धार असेल, मोड असेल. तिच्याजवळ जाणारी एक गुळगुळीत बहुपदी आपल्याला हवी आहे. म्हणजे पृष्ठभागावर जाळी आखायची, जाळीच्या प्रत्येक गाठीवरची उंची मोजायची आणि त्या उंचींना ठरावीक वजनं देऊन बेरीज करायची. एकाच चलाचं फलन असेल, म्हणजे नुसती वाकडी रेषा असेल, तर या रीतीनं बनलेली बहुपदी वाटीचा वाटीपणा सोडत नाही, हे जुनं होतं. सरांचा दावा होता की दोन चलांनाही, म्हणजे खऱ्याखुऱ्या पृष्ठभागालाही, ते लागू आहे. अकरा वर्षांच्या वह्या होत्या. मी त्या सुवाच्य अक्षरात उतरवून काढत होतो. लेखावर माझंही नाव येणार होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुण्याच्या एका संस्थेत संशोधनाच्या जागेसाठी सर माझं शिफारसपत्र लिहिणार होते. त्या पत्राशिवाय मला तिथं कुणी दारात उभं केलं नसतं. दुकानातून बाहेर पडायची ती एकच वाट मला दिसत होती. आणि हो, लिहायला लाज वाटते, पण मला बाहेर पडायचं होतं. कानांत भुसा असलेल्या माणसाचा मुलगा म्हणून कॉलेजात वावरायचा मला कंटाळा आला होता.

चर्चासत्र ठरलं. बाहेरगावचे एक नावाजलेले प्राध्यापक येणार होते. सर म्हणाले, "फळ्यावर पृष्ठभाग दिसत नाही रे. तुझे वडील लाकडातलं काम करतात ना? एक मॉडेल होईल का?"

मी ऐंशीवर एक आकडे काढले. सोळा इंचाची चौकोनी फळी, दर दोन इंचांवर एक खूण, प्रत्येक खुणेची उंची. मूळ आकार अगदी साधा होता. समोरासमोरचे दोन कोपरे दोन दोन इंच उंच, उरलेले दोन शून्यावर, आणि त्या दोन शून्य कोपऱ्यांना जोडणाऱ्या कर्णावर एक घडी, दुमडलेल्या पुठ्ठ्यासारखी. ती घडी गुळगुळीत करून सरांच्या रीतीनं जी दरी तयार होते, ती आबांना करायची होती. मी आकडे ओळीओळीनं काढले आणि ओळीओळीनंच तपासले. आडव्या ओळी बरोबर, उभ्या ओळी बरोबर.

आबांनी तो कागद खिळ्याला टोचला आणि चार दिवस दुसरं काम घेतलं नाही. प्रत्येक खुणेवर गिरमिटानं बरोबर तेवढ्या खोलीचं भोक पाडायचं, मग भोकाचा तळ नाहीसा होईपर्यंतच लाकूड काढायचं, अशी त्यांची पद्धत. काम झाल्यावर त्यांनी स्टीलची सरळपट्टी घेतली. लांबीला लावून डोळा बारीक केला, रुंदीला लावली. पट्टीखालून सगळीकडं उजेड, म्हणजे पृष्ठभाग खालीच, पट्टी वर. मी मान हलवली. झालं की, असं म्हणणार होतो.

मग त्यांनी पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्याला लावली.

पट्टी डुलली. एका टोकाला बोट लावलं की दुसरं टोक उचलायचं, मुलांच्या सीसॉसारखं. मधोमध ती कशावर तरी टेकली होती.

"हितं उंचवटा हाय की रं," आबा म्हणाले. "ह्या दोन कोपऱ्यांमधनं ओघळ सपाट जाया पायजे का न्हाय? मधी अर्ध्या इंचाहून जास्त वर आलाय. पाणी वतलं तर दोन्हीकडं पळंल."

"तुमचं लाकूड जास्त राहिलं असेल."

आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कागद खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. कर्णावरच्या आकड्यांवर त्यांची जाड नखाची खूण होती. "वाच."

मी वाचलं. कर्णावरचे नऊ आकडे मी कधीच एकामागोमाग एक वाचले नव्हते. शून्यापासून वाढत जात होते, मध्ये सर्वांत मोठे, पुन्हा शून्याकडं. माझ्याच अक्षरात. मी मागच्या खोलीत गेलो आणि कागदाच्या चतकोरावर सगळ्यात साधा हिशेब करून पाहिला, फक्त चार कोपरे घेऊन. दोन ओळींत उत्तर आलं. कर्णाच्या मधोमध एक इंच येत होता, आणि यायला हवा होता शून्य. मग जाळी बारीक करून पाहिली. उंचवटा लहान झाला, पण गेला नाही. कितीही बारीक करा, तो जाणार नव्हता. प्रत्येक आडवी रेषा वाटीसारखी, प्रत्येक उभी रेषा वाटीसारखी, आणि तरी पृष्ठभाग वाटी नव्हता. सरांनी अकरा वर्षं लांबीला आणि रुंदीला पट्टी लावली होती. तिरकी कधी लावलीच नव्हती. मला आठवतं, आई बाहेरून "जेवाय ये" म्हणून हाका मारत होती आणि मी तोच हिशेब तिसऱ्यांदा करत होतो.

(ही गोष्ट जगात दुसरीकडं आधीच कुणाकुणाला माहीत होती हे मला पुण्यात गेल्यावर कळलं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ती पुस्तकं नव्हती. पण त्या दिवशी आमच्या गावात ही गोष्ट फक्त दोघांना माहीत होती, एक मी आणि एक चौथी शिकलेला पॅटर्नवाला.)

बाहेर आलो तेव्हा आबांनी फळीच्या मधोमध गेरूची टिकली लावलेली होती.

"सरांना घिऊन ये. त्येंनी बघू दे."

"आबा, हे त्यांना दाखवायचं नाही. तुम्ही तेवढा उंचवटा काढून टाका. रंधा मारा."

"माप बदलायचं आसंल तर कागुद बदल. मग मारतो."

"कागद नाही बदलता येत!"

"मग लाकूड कसं बदलंल?" ते शांतपणे म्हणाले, आणि विडी पेटवायला बाहेर गेले.

दोन दिवसांनी, चर्चासत्राच्या आदल्या दुपारी, आबा शिरोलीला एका फौंड्रीत गेले होते. मी दुकानाचं दार आतून लावलं, त्यांचा गोल रंधा घेतला आणि टिकलीवरूनच पहिला हात मारला. तांबडा भुसा पडला. मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. पण लाकूड माझं ऐकेना. रंधा कुठं घसरायचा, कुठं रुतायचा. एका ठिकाणी तंतू उचकटून लाकडाचा लांबट ढलपा निघून आला. मी कानस घासली, पॉलिश कागद घासला, आणि पट्टी लावून पाहिली. ती डुलत नव्हती. तेवढंच मी पाहिलं. मॉडेल आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कॉलेजात नेऊन ठेवलं. आबांना म्हणालो, सरांनी आधीच मागवलंय.

सरांनी आबांना मुद्दाम बोलावणं पाठवलं होतं. आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेवटच्या बाकावर, बाकाच्या कडेला बसले. कॉलेजात येण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं, "हे मॉडेल करणारे मिस्त्री इथं आले आहेत." चार टाळ्या पडल्या. मग लुगडं बाजूला केलं. मी आबांकडं पाहिलं नाही, पण मला बाक करकरल्याचं ऐकू आलं.

सरांनी तासभर सुंदर मांडणी केली. शेवटी पाहुणे प्राध्यापक उठून मॉडेलपाशी आले. त्यांनी पृष्ठभागावरून बोट फिरवलं आणि मधोमध थांबले. "इथं खळगा आहे. त्याला काठही आहे. इथं तर बहिर्वक्रता मोडते." मग सरांकडं वळून, हसतच, त्यांनी विचारलं, "हे गणितातलं आहे की लाकडातलं?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. आकडे माझे होते. सगळी खोली माझ्याकडं पाहत होती. मला सरांच्या खिशातलं, अजून न लिहिलेलं पत्र दिसत होतं.

"लाकडातलं," मी म्हणालो. "वडिलांचा हात घसरला असावा."

मागं खुर्ची नव्हती, बाक होता. तरी कुणीतरी खुर्ची सरकवून उठावं तसा आवाज झाला. आबा उभे होते. दोन्ही हात शर्टाच्या शिवणीवर.

"व्हय सायेब," ते म्हणाले. "रंधा घसरला माझा. माफ करा."

"छे छे, मिस्त्री, बसा," सर म्हणाले. कुणीतरी हसलं, वाईट अर्थानं नव्हे. चहा आला.

घरी परतताना आम्ही चालत आलो. आईनं पावट्याची आमटी केली होती. त्यांनी भाकरी कुस्करली, चार घास खाल्ले, आणि मग ताटाकडं बघतच म्हणाले, "उलट्या रेषंवर चालवलास रंधा. सागवान असं फाटतं. आधी रेषा बघायची आसती." एवढंच. त्या विषयावर ते माझ्याशी आयुष्यात पुन्हा बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात हसनचाचा डबा उघडताना म्हणाले, "काय मिस्त्री, कालिजात रंधा घसरला म्हनं?" आबा म्हणाले, "वय झालं गड्या." त्यांचं तेव्हाचं वय आज माझं आहे त्याहून कमी होतं.

पत्र मिळालं. मी पुण्याला गेलो. तीनेक महिन्यांनी सरांचं पोस्टकार्ड आलं. ते माझ्याजवळ अजून आहे, पण बघावं लागत नाही. "कर्णावर पट्टी लावून पाहिली. सिद्धता टिकत नाही. लेख परत मागवला आहे. एकच विचारतो: तुला हे आधी माहीत होतं का?" मी खानावळीच्या टेबलावर कार्ड उलटं ठेवलं. मग दुसरं कार्ड आणलं आणि त्यावर एकच शब्द लिहिला. नाही. खाली सही केली. सर निवृत्त झाले, बेळगावला मुलीकडं गेले, तिथंच वारले. मी भेटायला गेलो नाही.

मी आज हाच विषय शिकवतो. दरवर्षी फळ्यावर तो चौकोन काढतो, कर्णावरचा उंचवटा दाखवतो. मुलं चकित होतात. कुणीतरी विचारतंच, सर, हे कुणी शोधलं? मी म्हणतो, जुनं आहे.

आबा जाऊन नऊ वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर दुकानाची जागा द्यायची ठरली, म्हणून मी सामान काढायला गेलो. आई आता नीट चालत नाही. उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसली होती आणि काय ठेवायचं, काय टाकायचं ते सांगत होती. माळ्यावर, जुन्या लुगड्यात, ते मॉडेल होतं. मी ते उघडलं. मी कोरलेल्या खळग्यात एक होडीच्या आकाराचा लाकडाचा तुकडा बसवलेला होता. रंग किंचित गडद. पण सांधा नखाला लागत नव्हता. उंचवटा परत आला होता. कागदाबरहुकूम. मी सामानातली सरळपट्टी कर्णावर लावली. ती डुलली.

"हे कधी केलं आबांनी?"

"तू पुन्याला गेल्यावर. सर घिऊन आलते, तेवढं बुजवून द्या म्हनून, कुठं तरी दाखवाय न्यायचं हुतं त्येंना."

सर इथं आले होते. मला ते माहीत नव्हतं. मी फळी उजेडाला धरली. "टिकली नाही लावली यावर?"

"लावलती की," आई म्हणाली. "सरांनी पुसली."

मी खाली बसलो. आई तिच्या चालीनं सांगत गेली, मध्येच खोकत, मध्येच हा डबा टाक, तो ठेव म्हणत. सर मॉडेल न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, ही टिकली कसली? आबांनी रीत सांगितली. गिऱ्हाइकानं स्वतः बघायचं. आबांनी पट्टी सरांच्या हातात दिली. सरांनी ती कोपऱ्यातून कोपऱ्याला लावली, आणि मग बाकावर बसले. चहा गार झाला. आईनं दुसरा केला, तोही गार झाला. दिवे लागायच्या वेळेला ते उठले, अंगठ्यानं टिकली पुसली आणि म्हणाले, "असंच पाहिजे, मिस्त्री. कागदाप्रमाणंच आहे." मग त्यांनी विचारलं, हे पहिल्यांदा करतानाच कळलं होतं का. आबा म्हणाले, न्हाय सर, आत्ता बुजवताना कळलं. सर मॉडेल तिथंच ठेवून गेले.

"झालं एवढंच?" मी विचारलं. मला ते एवढ्यावरच संपायला हवं होतं.

"न्हाय. पुन्यांदा आलते की. तुझं कार्ड घिऊन. वाचून दावलं त्येंनी. म्हनले, पोरगं न्हाय म्हनतंय मिस्त्री. तुमी सांगा, तुमी म्हनशीला ते मी खरं धरतो."

"आणि आबा?"

"म्हनले, खरंच हाय सर. मी त्येला कवा बोललोच न्हाय." आईनं हातातला डबा बाजूला ठेवला. "सर गेल्यावर भिताडाकडं तोंड करून बसलं. जेवलं न्हाईत त्या दिशी."

"आई, तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा इचारलंस?"

आबा खोटं बोलत नसत. लाकडाच्या बाबतीत, मापाच्या बाबतीत, कशाच्याच नाही. त्यांच्या उभ्या आयुष्यातली चार खोटी वाक्यं मला आता माहीत आहेत, आणि चारही माझ्यासाठी होती. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या एका शब्दावर सरांनी विश्वास ठेवला. तो विश्वास त्यांनी माझ्यावर ठेवलाच नव्हता. तो त्यांनी आबांवर ठेवला होता.

मॉडेल मी पुण्याला आणलं. ते माझ्या टेबलावर आहे, हे लिहिताना समोरच आहे. मागच्या रविवारी मी कुंभारवाड्यातून गेरूचा खडा आणला, वाटीत भिजवला आणि फळी उलटी केली. मागच्या बाजूला आबा कामाचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. तिथं माझं नाव आहे, 'सुरेशचं', त्यांच्या वळणदार अक्षरात. त्या नावाच्या शेजारी मी एक टिकली लावली. ती वाळली आहे. बोट ठेवून बघायला ज्यांनी यायला हवं ती दोन्ही माणसं आता येणार नाहीत, आणि ती आल्याशिवाय पुसायची नाही, अशी आमच्या दुकानाची रीत आहे.